हार्डवेअर सिंथवर लाइव्ह चिपट्यून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम संपून केबली गुंडाळायला घेतल्या की कुणीतरी टेबलाजवळ येतं आणि विचारतं, "हे गेमबॉय आहे का?" मग घरी पोचेपर्यंत मेसेजमध्ये आणखी चार प्रश्न आलेले असतात. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चिपट्यून म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत, एवढंच ना?

गेमचं संगीत हा त्याचा उगम. जुन्या कॉम्प्युटरमध्ये आणि गेमच्या डब्यांमध्ये आवाज काढणारी एक छोटी चिप असायची आणि तिला एका वेळी तीन-चारच सूर काढता यायचे. १९८२ च्या कमोडोर ६४ मधल्या 'सिड' चिपला तीन आवाज होते. १९८९ च्या गेमबॉयला (निन्टेन्डोचा हातात धरायचा गेम) चार होते: दोन पल्स (चौकोनी लाट), एक छोटी वेव्ह आणि एक नॉइज (खरखर). एवढ्यात सूर, बास, कॉर्ड आणि ताल बसवायचा म्हणून त्या काळच्या लोकांनी ज्या क्लृप्त्या काढल्या, त्यांना आज आपण चिपट्यून म्हणतो. ती चिप समोर नसतानाही साध्या सिंथवर (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) त्या क्लृप्त्या वापरता येतात, आणि हे अख्खं पान त्यावरच आहे.

२. खरा गेमबॉय नसेल तर याला चिपट्यून म्हणायचं का?

कट्टर मंडळी नाही म्हणतील. त्यांच्यात याला 'फेकबिट' असं नावही आहे. मला विचाराल तर श्रोत्याला चिप ऐकू येत नाही, लिहिण्याची पद्धत ऐकू येते. वरून सात-आठ आवाज, लांबलचक रिव्हर्ब (घुमणूक) आणि जाड पॅड (मागे लांबवलेले कॉर्ड) चढवून खऱ्या गेमबॉयचंही अगदी बेचव गाणं करता येतं. फक्त पोस्टरवर 'गेमबॉय' लिहून टेबलावर दुसरंच काही मांडू नका. लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

३. सुरुवातीला कमीत कमी काय विकत घेऊ?

पल्सची रुंदी (लाट किती हिस्सा वर राहते ते) बदलता येईल असा एक सिंथ, स्टेप सिक्वेन्सर (सूर ओळीने भरून ठेवले की आपोआप वाजवणारा; बऱ्याच छोट्या सिंथमध्ये तो आतच असतो), एक डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं) पेडल आणि चार चॅनेलचा साधा मिक्सर. यात पहिला सेट होतो. हात लावून बघायचं असेल तर टीनेज इंजिनिअरिंगच्या 'पॉकेट ऑपरेटर' (पीओ) मालिकेतलं पीओ-२० आर्केड हे खिशात मावणारं, दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारं यंत्र मुद्दाम याच आवाजासाठी केलेलं आहे. डर्टीवेव्हचा एम८ ट्रॅकर (सूर तक्त्यात लिहायचं यंत्र) आठ ट्रॅकचा आणि फार सुंदर आहे, पण त्याची किंमत आणि शिकायला लागणारा वेळ, दोन्ही पाहता तो पहिला घेऊ नये. बिटक्रशर (आवाज मुद्दाम खडबडीत करणारं पेडल) आधी घेऊ नका. कारण प्रश्न ५ मध्ये.

४. माझ्या सिंथवर तो 'गेमवाला' आवाज कसा काढायचा?

एकच ऑसिलेटर (मूळ लाट काढणारा भाग) ठेवा, बाकीचे बंद. डिट्यून (सूर किंचित सरकवणं) शून्य. फिल्टर पूर्ण उघडा. वेव्ह पल्स घ्या आणि रुंदी ५० टक्क्यांवर आणा, म्हणजे पोकळ, बासरीकडे झुकणारा आवाज येतो, कारण त्यात फक्त विषम हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) असतात. २५ टक्क्यांवर तो भरीव आणि थोडा नाकातला होतो, १२.५ वर अगदी बारीक, सनईच्या पिपाणीसारखा. गेमबॉयमध्ये ७५ टक्केही मिळतं, पण कानाला ते २५ सारखंच लागतं, कारण तीच लाट उलटी केलेली असते.

रुंदी एलएफओने (आपोआप हेलकावे देणारा भाग) हळूहळू डोलवू नका, त्याने ऐंशीच्या दशकातला सिंथ-पॉप होतो. गेमबॉयच्या चिपमध्ये रुंदी उडी मारून बदलते. सूर सुरू होताना क्षणभर १२.५, मग लगेच ५०, असं केलं की त्या 'टिंग'ला धार येते. माझ्या सिंथवर मी हे मॉड एन्व्हलपने करतो (एन्व्हलप म्हणजे सुरागणिक एखादी गोष्ट चढवणारा-उतरवणारा भाग): अटॅक (चढायचा वेळ) शून्य, डिके (उतरायचा वेळ) जेमतेम ३० मिलिसेकंद.

आवाजाचा एन्व्हलप ऑर्गनसारखा ठेवा, की दाबली की पूर्ण आणि सोडली की बंद. लांब सुरात जीव हवा असेल तर थोडं थांबून येणारा व्हायब्रेटो द्या, सेकंदाला सहा हेलकाव्यांच्या आसपास. सूर लागताक्षणी तो सुरू झाला तर बाळ रडल्यासारखं वाटतं.

५. बिटक्रशर लावला, तरी तो आवाज येत नाही. माझं काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. 'आठ बिट' हे नाव त्या यंत्रांच्या प्रोसेसरवरून आलं, आवाजाच्या खराबीवरून नाही. पल्स वेव्हला मुळात दोनच पातळ्या असतात, वर आणि खाली. तिला क्रश करायला शिल्लक काय उरतं? फुल-कॉर्ड पियानोवर क्रशर लावला तर पियानो खराब रेडिओवर लागल्यासारखा वाटेल. गेमसारखा नाही वाटणार.

तरीही क्रशर दोन ठिकाणी खरोखर उपयोगी पडतो. पहिलं म्हणजे बास. निन्टेन्डोच्या फॅमिकॉममधली (टीव्हीला जोडायचा गेमचा डबा) ट्रँगल ही गुळगुळीत त्रिकोण नव्हती, ती सोळा पातळ्यांची पायऱ्यांची होती आणि तिला व्हॉल्यूम कंट्रोलच नव्हता. एकतर वाजणार, नाहीतर गप्प. तुमच्या सिंथची ट्रँगल चार बिटवर आणली की त्या पायऱ्यांची बारीक घरघर येते. पण पेडल सिंथच्या बाहेर, म्हणजे सिंथच्या व्हॉल्यूम एन्व्हलपनंतर असतं. सूर हळूहळू विरत गेला की पायऱ्या सोळावरून आठ, चार, दोन होत जातात आणि शेवटी आवाज फाटून तुटतो. म्हणून बासचा एन्व्हलप ऑर्गनचाच ठेवा (प्रश्न ४), मग पायऱ्या जागच्या हलत नाहीत.

दुसरं ठिकाण नॉइज. ते प्रश्न ७ मध्ये येतं.

६. तो 'टुरुरुरु' करणारा कॉर्ड कसा वाजवतात?

एका आवाजात तीन सूर वाजवता येत नाहीत, म्हणून ते एकामागोमाग इतक्या वेगात फिरवायचे की कानाला कॉर्डच वाटावा. चिपमध्ये हा वेग गाण्याच्या लयीशी बांधलेला नसायचा. तो पडदा ताजा होण्याच्या वेगाशी बांधलेला असायचा. युरोपातल्या कमोडोरवर पडदा सेकंदाला ५० वेळा ताजा व्हायचा, म्हणून प्रत्येक सुराला २० मिलिसेकंद. गेमबॉयवर साधारण १७.

आता तुमच्या आर्पेजिएटरचा (आर्प: कॉर्डचे सूर आपोआप एकेक वाजवणारी सोय) हिशेब करा. १५० च्या टेम्पोला (मिनिटाला १५० मात्रा) एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची. आर्प १/१६ वर असेल तर प्रत्येक सूर १०० मिलिसेकंद. हा साधा आर्प झाला, कॉर्ड नाही. १/३२ वर ५०, अजूनही सूर सुटे ऐकू येतात. १/६४ वर २५, इथे तो 'टुरुरुरु' सुरू होतो.

बऱ्याच सिंथचा आर्प १/३२ च्या पुढे जातच नाही. तेव्हा त्या एका सिंथची सिंक (इतर यंत्रांशी जुळवलेली लय) काढून टाका आणि त्याचा स्वतःचा टेम्पो मिळेल तितका वर न्या. लयीत नाही म्हणून काळजी करू नका, एवढ्या वेगात ते कुणाला कळत नाही, आणि वर म्हटलं तसं मूळ चिपमध्येही तो लयीला बांधलेला नव्हता. आर्प नसेल आणि फक्त ऑक्टेव्हची थरथर हवी असेल तर चौकोनी एलएफओ २५ हर्ट्झवर ठेवून पिचला द्या. त्याची प्रत्येक बाजू २० मिलिसेकंदांची होते.

एन्व्हलपचं रीट्रिगर (दर सुराला नव्याने सुरू होणं) मात्र बंद करा, म्हणजे लेगाटोवर ठेवा. नाहीतर प्रत्येक सुराला 'टिक' येईल आणि कॉर्डऐवजी शिलाई मशीन ऐकू येईल.

७. ड्रम मशीन नाही. ताल कसा भरू?

चिपलाही ड्रम नव्हते. किक म्हणजे ट्रँगल किंवा पल्सचा सूर वरून झपकन खाली आणणं, ५०-६० मिलिसेकंदांत. स्नेअर म्हणजे नॉइजचा एक फुत्कार. हाय-हॅट म्हणजे तोच फुत्कार, आणखी आखूड.

तुमच्या सिंथचा व्हाइट नॉइज आणि चिपचा नॉइज यांत फरक आहे. चिपचा नॉइज एका शिफ्ट रजिस्टरमधून येतो आणि त्याचा वेग बदलला की तो 'वर-खाली' जातो, जणू त्याला सूर आहे. गेमबॉयमध्ये ३२,७६७ पावलांनी पुन्हा सुरू होणारा लांब नॉइज आहे आणि १२७ पावलांचा आखूडही. आखूड नॉइज इतक्या लवकर फिरून येतो की धातूवर काहीतरी घासल्यासारखा लागतो. सिंथवर हे करायचं तर व्हाइट नॉइज क्रशरच्या सॅम्पल-रेट नॉबमधून काढा आणि नॉब हाताने फिरवा. वर स्नेअर, खाली स्फोट. प्रश्न ५ मध्ये म्हटलेली दुसरी जागा हीच.

आपल्या कानांना ओळखीची गंमत करून पाहा: ढोलाला ट्रँगलची किक, झांजेला तो आखूड धातूचा नॉइज आणि ताशाला १५-२० मिलिसेकंदांचा फुत्कार. सिक्वेन्सरमध्ये रॅचेट असेल तर एका स्टेपमध्ये चार ठोके टाका आणि शेवटच्या दोन स्टेपचा डिके किंचित वाढवा. ताशाची तर्री अशी उठते की मागून पथक आलं की काय, म्हणून लोक वळून बघतात.

८. इफेक्ट्स कोणते आणि कोणत्या क्रमाने?

क्रशर पहिला, त्यानंतर फिल्टर, शेवटी डिले. उलटं केलंत आणि डिले क्रशरच्या आधी आला तर प्रत्येक प्रतिध्वनी वेगवेगळ्या बिटवर फाटत जातो. एखाद्या ब्रेकला ते छान वाटतं, अख्ख्या गाण्याला नाही.

डिलेचा वापर चिपच्या सवयीने करा. तिथे प्रतिध्वनी म्हणजे तोच सूर तीन स्टेप उशिरा, हळू आवाजात, मोकळ्या जागेत पुन्हा लिहिणं. म्हणून फीडबॅक एक-दोन वेळाच परत येईल इतका आणि वेळ डॉटेड एट्थचा, म्हणजे पाऊण मात्रेचा. सूत्र सोपं आहे: ४५,००० भागिले टेम्पो. १५० ला ३०० मिलिसेकंद. टॅप टेम्पो (ठोके देऊन वेळ ठरवायची सोय) असला तरी हा आकडा चिठ्ठीवर लिहून पेडलला चिकटवा.

गिटारच्या पेडलला सिंथची पातळी जास्त होते, तेव्हा सिंथचा व्हॉल्यूम निम्म्यावरून सुरू करा. किक आणि बास पेडलमधून नेऊच नका, सरळ मिक्सरला द्या. रिव्हर्ब? हॉलचा असतोच की. तेवढा पुरे.

९. सगळी यंत्रं एका लयीत कशी ठेवू?

एकच मालक, बाकी चाकर. कोणतं यंत्र क्लॉक (लयीचे ठोके) देणार ते ठरवा आणि बाकीच्यांवर एक्स्टर्नल लावा. मिडी (वाद्यांची एकमेकांशी बोलायची भाषा) क्लॉक एका मात्रेला २४ ठोके पाठवतो, तर व्होल्का (कोर्गचे छोटे सिंथ) आणि पॉकेट ऑपरेटरची साडेतीन मिलिमीटरची सिंक एका मात्रेला फक्त दोन. म्हणून या दोघांची एकमेकांशी थेट जमते. व्होल्काच्या सिंक आउटमधून पीओला द्यायचं तर पीओ 'एसवाय२' या सिंक मोडवर ठेवा. पीओकडून पीओकडे एकाच केबलने जायचं तर पहिला 'एसवाय१', शेवटचा 'एसवाय४'. स्पीकरमधून टक-टक-टक ऐकू येत असेल तर कुणीतरी सिंकच्या ठोक्यालाच आवाज समजतंय, म्हणजे मोड चुकलाय.

१०. मिडीची केबल नवीकोरी आहे, तरी दुसरा सिंथ ढिम्म हलत नाही.

मोठी पाच पिनांची केबल असेल तर आधी दोन्ही यंत्रांवरचा मिडी चॅनेल एकच आहे का ते तपासा. साडेतीनची छोटी पिन असेल तर बहुधा 'टाइप ए' आणि 'टाइप बी'चा घोळ आहे. २०१८ मध्ये टाइप ए प्रमाण ठरला, पण त्याआधी कोर्ग एका प्रकाराने आणि आर्टुरिया, नोव्हेशन दुसऱ्या प्रकाराने तारा जोडत होते. बिघडत काहीच नाही, फक्त संदेश पोचत नाही. दोन्ही टोकांचे कन्व्हर्टर एकाच प्रकारचे आहेत का ते पाहा आणि त्यावर मार्करने ए किंवा बी लिहून ठेवा.

११. स्पीकरमधून सतत 'हम' किंवा बारीक शीळ येते. काय करू?

घोगरा हम असेल तर अर्थिंगची फेरी (ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला जाणं). मिक्सर एका बोर्डावर आणि सिंथ दुसऱ्या, असं असलं की होतो. सगळं एकाच एक्स्टेन्शनवर आणा. तरीही राहिला तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स (सिंथ आणि मिक्सरमध्ये लावायचा छोटा डबा). अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या.

बारीक शीळ असेल, तीही सिक्वेन्सरच्या दिव्यांबरोबर लुकलुकणारी, तर दोन यंत्रं एकाच यूएसबी हबवरून वीज घेत आहेत. एकाला सेलवर टाका, शीळ जाते. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मांडवातल्या रंगीत माळा पेटल्या की माझ्या मिक्सरमध्ये गुणगुण सुरू व्हायची. माळा बंद करा असं सांगायची सोय नव्हती. शेवटी समोरच्या किराणावाल्याकडून बारा सेल आणले आणि मिक्सर सोडून सगळं सेलवर वाजवलं. तेव्हापासून बॅगेत सेलचं पाकीट असतंच.

१२. एकच ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर सगळ्याला चालेल का?

नाही! गिटार पेडलना मधलं टोक ऋण लागतं, व्होल्काला मधलं धन. काही सिंथची पिन पेडलमध्येही बसते, घात तिथेच होतो. माझं एक डिले पेडल असंच गेलं: साउंडचेकच्या घाईत, अंधारात, एका सेकंदात. वासावरून कळलं. आता पेडलच्या अ‍ॅडॅप्टरला लाल टेप आणि सिंथच्या अ‍ॅडॅप्टरला पांढरी.

१३. सिक्वेन्सरच वाजवतो, मग 'लाइव्ह' मी काय करायचं?

दर गाण्याला सात-आठ पॅटर्नच ठेवा आणि त्यांचा क्रम आधी बांधू नका. मग हाताला काम उरतं: आवाज म्यूट करणं, पल्सची रुंदी ५० वरून १२.५ ला उडवणं, आर्प चालू-बंद करणं, नॉइजचा नॉब फिरवणं, ब्रेकला डिलेचा फीडबॅक क्षणभर वर नेऊन खाली आणणं. सूर मात्र एक तरी हाताने वाजवा, मग तो चार स्वरांचा का असेना. लोक बोटांकडे बघतात.

गाणं लिहिताना सर्वांत उपयोगी पडलेली सवय म्हणजे एका वेळी तीन आवाज आणि नॉइज, बस. चौथा सूर हवासा वाटला तर आधीच्या तिघांपैकी एकाच्या मोकळ्या जागेत तो बसवा. बासच्या दोन सुरांमध्ये किक टाका, एकाच आवाजात. हे जमलं की पेडल कमी असली तरी चालतं.

१४. हेडफोनवर मस्त वाटतं, मोठ्या स्पीकरवर कान टोचतात आणि बास गायब. का?

पल्स वेव्हमध्ये वरचे हार्मोनिक भरपूर असतात आणि हॉलचे स्पीकर ते इमाने ओकतात. मिक्सरवर ट्रेबल थोडं उतरवा, लीड बासपेक्षा हळू ठेवा. बासचं म्हणाल तर १२.५ ची पल्स बासला वापरू नका, तिच्यात मूळ सूर फारच क्षीण असतो. ट्रँगल किंवा ५० टक्के घ्या. आणि सगळं मोनो द्या. डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असं वाटलेलं गाणं अर्ध्या लोकांना अर्धंच ऐकू येतं.

१५. याच सेटमध्ये खरा गेमबॉयही जोडता येईल का?

येईल. त्यावर एलएसडीजे किंवा नॅनोलूप (गेमबॉयवर संगीत लिहायचे प्रोग्राम) चालवतात, आणि मिडी क्लॉक त्याच्यापर्यंत न्यायला आर्डुइनोबॉय नावाचं छोटं सर्किट करून घ्यावं लागतं. दोन सापळे आहेत. बऱ्याच कार्ट्रिजमध्ये गाणी एका बटण-सेलच्या जिवावर टिकतात. सेल संपला की गाणी गेली, म्हणून कॉपी काढून ठेवा. दुसरा सापळा सुराचा. चिपला सगळे सूर मिळत नाहीत, ती १,३१,०७२ ला पूर्ण आकड्याने भागून सूर काढते. खाली हे चालून जातं, पण वर ४,०९६ हर्ट्झच्या पुढचा सूर थेट ४,२२८, म्हणजे मधे अर्ध्या श्रुतीचा नव्हे, चांगला अर्ध्या सेमीटोनचा खड्डा. म्हणून वरच्या पट्टीत गेमबॉय आणि सिंथ एकच धून जोडीने वाजवायला देऊ नका, बेसूर तुमच्यामुळे वाटेल. पल्स खाली ६४ हर्ट्झपर्यंतच जाते, त्याखालचा बास सिंथकडे द्या.

१६. राग वाजवता येतो का यावर?

येतो, पण प्रश्न ६ मधला आर्प-कॉर्ड बाजूला ठेवून. तो आला की रागाचं हार्मोनियमवरचं सिनेगीत होतं. त्याऐवजी एका पल्सवर सा, दुसऱ्यावर प धरा आणि रुंदी हळूहळू बदलत ठेवा. हार्मोनिक वरखाली होऊन जवारीची आठवण करून देणारी गुंजन येते (प्रश्न ४ मधला नियम इथे मुद्दाम मोडायचा). मींड पोर्टामेंटोने (एका सुरावरून दुसऱ्यावर आपोआप घसरणं), पण वेळ प्रत्येक जागी वेगळा लागतो, म्हणून पिच बेंडवर हात बसवलेला बरा.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या ज्युपिटर-८ (सिंथ), टीबी-३०३ (बास) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. ते चिपट्यून नव्हे, पण ३०३ च्या स्लाइडमधून मींडेचा भास कसा होतो हे ऐकायला त्याहून चांगला धडा नाही.

१७. सगळं बरोबर केलं, तरी लहानपणीच्या टीव्ही गेमसारखं वाटत नाही. असं का?

कारण तुमचं लहानपण बहुधा नकली होतं. नव्वदीत आपल्याकडे घरोघरी आलेले, जाड पिवळ्या किंवा काळ्या 'कॅसेटी' लावायचे टीव्ही गेम म्हणजे १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला. त्यातल्या बऱ्याच नकली चिपमध्ये एक घोळ होता: २५ आणि ५० टक्क्यांच्या पल्सची अदलाबदल झालेली. संगीतकाराने पोकळ आवाज लिहिला तिथे तुम्ही नाकातला ऐकलात, आणि उलट.

शिवाय आपला टीव्ही ५० हर्ट्झच्या पाल पद्धतीचा, आणि खेळ ६० हर्ट्झसाठी लिहिलेले. पाल टीव्हीसाठीच्या नकलांवर संगीत सहापैकी एका हिश्श्याने हळू चालायचं, सूर मात्र जवळजवळ तेच राहायचे. तेव्हा मूळ धून १५० ला असेल तर १२५ ला वाजवा, लीडची पल्स ५० असेल तर २५ करा आणि २५ असेल तर ५०. मग घरातल्या भावंडांना ऐकवा. कुणीतरी हमखास म्हणतं, "कॅसेट काढ आणि फुंकर मार."